बाविसावा प्रवासी

परीक्षित देवतळेने आईवडिलांना भेटण्यासाठी व्हिएतनाम निवडला, त्यात व्हिएतनामचं कर्तृत्व काही नव्हतं. तिघांनाही कोणी अडवणार नाही असा तेवढाच एक देश त्याला सापडला होता.

गेली सहा वर्षं तो रेडमंडमध्ये सॉफ्टवेअर लिहीत होता. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का केव्हाच संपला होता. अमेरिकेत राहायला त्याने काही बिघडत नाही, बिघडतं ते बाहेर पडल्यावर. नागपूरला जाऊन नव्या शिक्क्यासाठी महिनोन्‌महिने तारखेची वाट बघत बसावं, तर नोकरी हातची जाणार. आईवडिलांनी अमेरिकेला यावं, तर त्यांना मुलाखतीची तारीख मिळाली होती दीड वर्षानंतरची. मग त्याने डोकं लढवलं. हनोईतल्या अमेरिकन वकिलातीत शिक्क्याची तारीख मिळवली, आईबाबांना घरबसल्या व्हिएतनामचा व्हिसा काढून दिला आणि हॉटेल, सहली, सगळं तिघांसाठी एका बैठकीत बुक करून टाकलं. त्यानंतर नियम बदलला. शिक्का आता ज्याला त्याला आपापल्या देशातच मिळणार होता. कंपनीच्या वकीलबाईंचा दोन ओळींचा ईमेल आला: प्रवास करू नका, गेलात तर परत येता येईल याची खात्री नाही. निघायला दहा दिवस उरले होते.

"आई, तुम्ही पण कॅन्सल करा," तो फोनवर म्हणाला होता.

"तुझ्या बाबांना सांगून बघ तूच," आई म्हणाली. "मी तीनदा सांगितलं. तीनदा विसरले. रोज बॅग उघडतात, भरतात, आणि म्हणतात, परीक्षितला भेटायचंय."

खरी गोम ही होती. बाबा विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग नावं, आणि गेल्या महिन्यात धरमपेठेच्या चौकात उभं राहून घर कोणत्या हाताला आहे तेच. ज्या दिगंबर देवतळे सरांनी तीस वर्षं शाळेच्या सहली नेल्या आणि एक पोरगं कधी हरवू दिलं नाही, त्यांना आता भाजी आणायला एकटं पाठवायची सोय राहिली नव्हती. सहा वर्षांत न भेटलेल्या मुलाला बाबा ओळखत होते तोवर भेटायला हवं होतं, आणि या घाईबद्दल माय-लेकरांपैकी कोणी चकार शब्द काढत नव्हतं.

"तू फोनवर तर राहशील ना?" आई म्हणाली. "लक्ष ठेवायला दोघं असलो म्हणजे मला धीर."

म्हणून नोव्हेंबरातल्या त्या संध्याकाळी, रेडमंडमध्ये साडेचारलाच अंधार पडून पाऊस लागलेला असताना, परीक्षित ऑफिसातून लवकर निघून घरी टेबलाशी येऊन बसला. हनोईत दुसऱ्या दिवसाचे सकाळचे साडेसात वाजले होते. आज दिवसभराची सहल होती, गावं, डोंगर, भातखाचरं. आईने फोन बसच्या खिडकीला टेकवून असा उभा केला होता, की त्याला बाहेरचं सगळं दिसावं.

"हे तुझं सीट," ती म्हणाली. "बुक केलंय ना आपण. कोणाला बसू द्यायची नाही मी."

"आणि बाबा?"

"ते पुढे, ड्रायव्हरच्या मागे. म्हणाले, पोरगा आईजवळ बसू दे, मला पुढून रस्ता दिसतो."

परीक्षितला हसू आलं आणि बरंही वाटलं. हे सीट बाबांनी त्याला सोडलं होतं. लहानपणी सहलीच्या एसटीत खिडकीसाठी तो रडायचा, तेव्हा बाबांनी कधी सोडलं नव्हतं. सरांचा मुलगा म्हणून सवलत नाही, असं ते पन्नास पोरांसमोर सांगायचे.

गाइडचं नाव तुआन. तिशीचा, हसरा, डोक्यावर पिवळी टोपी. त्याने मागून पुढे येत डोकी मोजली. "ट्वेंटी वन! व्हेरी गुड!" आणि बस निघाली. दहा मिनिटांत मागच्या सीटवरच्या एका गोऱ्या आजोबांनी आईला खुणेने सांगितलं, की फोनचा आवाज फार होतोय. आईने ओशाळून पर्समधून इअरफोन काढले, फोनला जोडले आणि रिंगही बंद करून टाकली. मग त्यातलं एक बोंडूक कानात घालून ती लेकाशी हळू आवाजात बोलत राहिली. भाताची कापणी होऊन गेलेली, खाचरांत पाणी, त्यात शेकडो बदकं. मागे काळे डोंगर जमिनीतून सरळ वर आलेले. कोणी सुखी माणसाने बघावा असा तो मुलूख होता.

पहिला थांबा देवळाचा. सगळे उतरले, चढले, तुआनने परत एकवीस मोजले. तेवढ्यात पुढून बाबा उठले.

"सर," ते त्यांच्या वर्गातल्या इंग्रजीत म्हणाले, "यू हॅव मेड मिस्टेक. माय सन इज नॉट काउंटेड."

तुआन गोंधळला. बाबांनी त्याला हाताला धरून मागे आणलं आणि खिडकीतला फोन दाखवला. आईने फोन फिरवला. परीक्षितने हात हलवला.

"तिकीट आहे त्याचं," बाबा मराठीतच ठणकावून म्हणाले. "तिकीट आहे म्हणजे पोरगा आहे. परीक्षित, हजेरी दे!"

"हजर, सर!" परीक्षित ओरडला, अगदी चौथीतल्यासारखा. आईने इअरफोन काढून स्पीकर लावला होता, त्यामुळे अख्खी बस हसली. तुआनने छातीवर हात ठेवून बाबांना वचन दिलं, की पुढच्या वेळी तुमच्या मुलाला नक्की मोजतो. चांगला मुलगा होता बिचारा. पुढे जे झालं ते त्याच्या चांगुलपणामुळेच झालं, आणि म्हणूनच कोणावर रागावताही येईना.

दुसरा थांबा एका गावाबाहेरच्या दुकानाशी. बाथरूम, चहा, नारळाच्या वड्या. वीस मिनिटांनी आई धापा टाकत येऊन बसली. "आलेत बाबा, माझ्या पुढेच होते," ती म्हणाली. तिने इअरफोन परत लावले, फोन खिडकीला टेकवला आणि डोळे मिटले. रात्री बाबा दोनदा उठून हॉटेलचं दार उघडायला गेले होते. तिला धड झोप नव्हती. मान कलली तशी बोंडुकं कानातून गळून मांडीवर पडली.

तुआन मोजत आला. खिडकीपाशी थांबला, वाकला, आणि स्क्रीनवर बोट ठेवून हसत म्हणाला, "अँड यू, सर!" परीक्षितने सलाम ठोकला. तुआन पुढे गेला. "ट्वेंटी वन! परफेक्ट!" सकाळपासून त्याच्या डोक्यात तोच आकडा होता. बस हलली.

आणि परीक्षितला खिडकीतून मरून रंगाचं बिनबाह्यांचं स्वेटर दिसलं.

दुकानाच्या पलीकडे तळं होतं. त्याच्या काठावर, बसकडे पाठ करून, हात मागे बांधून बाबा बदकं बघत उभे होते. बस वळली, तळं खिडकीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकलं, आणि बाबा दिसेनासे झाले.

"आई! आई, बाबा खाली राहिले! आई, गाडी थांबव!"

त्याचा आवाज तिच्या मांडीवर पडलेल्या बोंडुकांतून येत असेल. तिच्या खांद्याचा कोपरा त्याला काचेतल्या प्रतिबिंबात दिसत होता, श्वासाबरोबर खालीवर होणारा. तो किंचाळला, त्याने टेबलावर थाळी बडवली, शिट्ट्या मारल्या. शेजारच्या फ्लॅटमधून कोणीतरी भिंतीवर ठोकलं. सात हजार मैलांवरच्या माणसाला जाग येईना आणि भिंतीपलीकडच्याला आली, याचा त्याला संताप आला. कॉल कट करून परत लावावा, तर रिंग बंद, आणि एकदा कट झाला की ही खिडकीही गेली. ते त्याच्याने होईना.

त्याने लॅपटॉपवरून सहल कंपनीच्या हनोईतल्या ऑफिसला फोन लावला. चार मिनिटं गाणं वाजलं. मग एक मुलगी आली, गोड आवाजाची, शांत. त्याने बुकिंग नंबर सांगितला, धडाधड सगळं सांगितलं.

"वन मोमेंट, सर," ती म्हणाली. कीबोर्ड वाजला. "सर, गाइडचा मेसेज आलाय. सगळे बसमध्ये आहेत. एकवीस."

"नाही, एकवीस नाहीत! त्याने मला मोजलंय!"

"तुम्ही बसमध्ये आहात, सर?"

"नाही! मी अमेरिकेत आहे!"

कीबोर्ड पुन्हा वाजला. मग तशाच गोड आवाजात म्हणाली, "सर, आमच्या यादीत न आलेला गेस्ट एकच आहे. मिस्टर परीक्षित देवतळे. तुम्ही त्यांना शोधताय का?"

परीक्षितला वाटलं, हो म्हणावं. कपाळ टेबलावर टेकून त्याने खोल श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं, हळू, एकेक शब्द तोडून. वडील. म्हातारे. मरून स्वेटर. विसरतात. तळं. 'विसरतात' हा शब्द त्याने आजवर कोणासमोर उच्चारला नव्हता. पहिल्यांदा उच्चारला तो एका अनोळखी मुलीसमोर, आणि तीनदा उच्चारावा लागला.

"ओके सर. मी गाइडला फोन करते. डोंगरात नेटवर्क कमी असतं. प्लीज होल्ड."

पुन्हा गाणं सुरू झालं. समोर खिडकीत सहल चालू होती. सायकलवर शाळेची मुलं गेली. एक रेडा चिखलात बसलेला. नदीत एक बाई पायांनी वल्हं मारत होडी नेत होती, सहलीच्या पानावर याच होडीचा फोटो बघून त्याने ही सहल निवडली होती. डोळे काढून घेण्याची त्याला भीती वाटत होती, जणू तो बघत राहिला तर बस फार लांब जाणार नाही. बाबांना त्या गावाचं नाव माहीत नाही. आपण कोणत्या देशात आहोत हे तरी या क्षणी माहीत असेल का? खिशात आईने हॉटेलचं कार्ड ठेवलंय, पण ते कार्ड खिशात आहे हे आठवेल का? आणि तळं तिथेच, दोन पावलांवर. परीक्षित रडायला लागला. चौतीस वर्षांचा माणूस, एकटा, दोन स्क्रीनसमोर, नाक पुसत. बघण्यापलीकडे त्याच्या हातात काहीसुद्धा नव्हतं.

बस सुटून बावीस मिनिटं झाल्यावर खिडकीतलं जग थांबलं. तुआन धावत आला, त्याने आईला हलवून उठवलं. आईचा चेहरा एकदाच दिसला, मग फोन आडवा पडला आणि परीक्षितला बसचं छत दिसत राहिलं. छत आणि आईचं रडणं. ते इअरफोनच्या माइकमधून स्वच्छ ऐकू येत होतं. "माझ्या पुढेच होते रे देवा, माझ्या पुढेच होते." तो इकडून "आई, रडू नको" म्हणत राहिला. ते तिला ऐकू जात नव्हतं.

परतीची बावीस मिनिटं त्याने छताकडे बघत काढली.

बस थांबल्याचं आवाजावरून कळलं. धावपळ झाली, आणि बऱ्याच वेळाने कोणीतरी फोन उचलला, इअरफोन उपटले. बाबा होते. धडधाकट. दुकानाबाहेर लहान मुलांचं असावं अशा निळ्या ठेंगण्या स्टुलावर ते चहा पीत बसलेले सापडले होते, आणि दुकानवाल्या बाईला हातवारे करून काहीतरी शिकवत होते. परीक्षितचा जीव भांड्यात पडला.

"बाबा! तुम्ही ठीक आहात ना? घाबरलात का?"

"घाबरायचं कशाला?" बाबा खरोखरच्या नवलाने म्हणाले. "गाडीत तू होतास ना. मला सोडून तू गाडी कशी जाऊ देशील?"

सहा वर्षांत बाबांनी एवढा विश्वास बोलून दाखवला नव्हता, आणि दाखवला तो नेमका आज.

आईने बाबांना आता आपल्याजवळ, खिडकीच्या सीटवर बसवलं. फोन त्यांच्या हातात होता. तुआनचा चेहरा उतरला होता. या वेळी त्याने प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजलं, हळूहळू, ओठ हलवत. आईच्या खांद्याला हात, बाबांच्या खांद्याला हात. फोनकडे त्याने बघितलं आणि मुद्दाम नजर वळवली. एकवीस. खरे एकवीस. त्याने ड्रायव्हरला खूण केली.

"स्टॉप!" बाबा उठून उभे राहिले. वर्गातला जुना आवाज होता तो, पन्नास पोरांना गप्प करणारा. "सर, वन बॉय इज रिमेनिंग."

"अहो, बसा ना," आई म्हणाली. "सगळे आलेत."

"आलेत काय? अजून एक पोरगा राहिलाय. त्याला टाकून गाडी न्यायची नाही. मी आजवर नेलेली नाही."

कोणी हसलं नाही. तुआन हात जोडून उभा होता. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. बाबांनी फोन उंच धरला, तेव्हा परीक्षितला सगळी बस दिसली, एकवीस माणसं त्याच्याकडे बघत, तो काय म्हणतो याची वाट पाहत. आई मागून नुसती मान हलवत होती, बोल बाळा, बोल काहीतरी.

कॉलेजात मित्रांसाठी त्याने खोट्या हजेऱ्या ढिगाने लावल्या होत्या. स्वतःची कधी लावायची वेळ आली नव्हती.

"हजर, सर," परीक्षित म्हणाला.

बाबा समाधानाने खाली बसले, आणि बस निघाली.