प्रश्नांचा वेळ धरत नाहीत

त्या मंगळवारी सकाळी खोली क्रमांक चारमध्ये तेरा आमदार, तेरा पाण्याचे पेले, एक लाकडी हातोडा, साक्षीदारासाठी एक खुर्ची, मागच्या बाकांवर एकशे सहा माणसं आणि टेबलावर मी, एवढा ऐवज होता. मी म्हणजे एक्केचाळीस वर्षांचा पत्र्याचा डबा. मला तीन दिवे आहेत: हिरवा, पिवळा, लाल. पिवळ्याची काच एका कोपऱ्यात तडकली आहे.

मित्रांनो, अमेरिकेतल्या एका राज्याच्या विधानभवनात माझं आयुष्य गेलं. इथल्याच तळघरातल्या वायरमनने मला बनवलं. त्याआधी ज्याचा कोट भारी तो समितीसमोर तासभर बोलायचा आणि पहाटेची बस धरून आलेली शिक्षिका तोंड न उघडताच परत जायची. मी आलो आणि प्रत्येकाला दोन मिनिटं मिळू लागली. हिरवा लागला की बोला, पिवळा लागला की आवरा, लाल लागला की उठा. "हा डबा कुणाच्या बापाला भीत नाही," असं लोक म्हणायचे. मला ते ऐकून बरं वाटायचं.

पण नियमात एक फट होती. आमदाराने प्रश्न विचारला की अध्यक्ष टेबलाखालची कळ दाबतात आणि माझे दिवे आहेत तिथेच थांबतात. प्रश्नोत्तरांचा वेळ धरत नाहीत.

जून महिन्यात मेसन्स बेंड गावात, चर्चच्या अंगणात मासे तळून जेवणावळ चालली होती. तिथे एका गोऱ्या तरुणाने नऊ काळ्या माणसांना गोळ्या घातल्या. कुणाला आणि का मारणार, हे त्याने सात आठवडे आधीच इंटरनेटवर लिहिलं होतं. त्याच्या सख्ख्या मामाने तो मजकूर पोलिसांना नेऊन दाखवला होता. पोलीस म्हणाले, त्याच्या बंदुका काढून घ्यायला कायद्यात सोय नाही. ती सोय करणारं विधेयक त्या मंगळवारी समितीपुढे होतं. समितीने होकार दिला तरच ते पुढे सभागृहात जाणार होतं.

पहिले साक्षीदार बंदूकविक्रेत्यांचे प्रतिनिधी, डॅरिल फाउट्स. त्यांची दोन मिनिटं संपायच्या आत अध्यक्ष स्ट्रिकलंड यांनी कळ दाबली.

"काय डॅरिल, यंदा तळ्यावर लागलं का काही गळाला?"

"एवढा मोठा मासा, साहेब! फोटो दाखवू?"

हशा पिकला. मग एकामागून एक प्रश्न आले. फाउट्स सांगत राहिले, "पोरगा डोक्याने अधू होता हो. यात काळं-गोरं कुठून आलं?" त्या पोराने स्वतः लिहिलेली सोळा पानं तेराही आमदारांसमोर पडली होती. एकानेही पान उलटलं नाही. अडतीस मिनिटं माझा हिरवा दिवा जळत राहिला. मला त्या हिरव्या रंगाची किळस आली.

मग अध्यक्षांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "उशीर झालाय. आता प्रत्येकी एकच मिनिट."

व्हर्नेल टॉलिव्हर खुर्चीत येऊन बसल्या. त्यांची धाकटी बहीण अर्लीन त्या दिवशी मासे तळत होती.

"साहेब, अंडी उकडायचं घड्याळ लावून दोन मिनिटांचं पाठ केलंय मी."

"बाई, नियम सगळ्यांना सारखा."

मागच्या बाकावरून त्यांच्या चर्चमधले म्हातारे अमोस ओरडले, "अगं व्हर्नेल, गळाला काय लागलं ते सांग, म्हणजे देतील वेळ!" हातोडा आपटला.

"अर्लीन कढईपाशी होती," व्हर्नेल सांगू लागल्या. "तिने त्याला हाक मारली. म्हणाली, ये बाळा, उभा का? प्लेट घे. पहिला तुकडा तुलाच वाढते. तो जवळ आला आणि त्याने..."

लाल लागला. मीच लावला.

मग उजवीकडून चौथ्या खुर्चीतले हॅस्कल बर्डेट पुढे वाकले. ते अध्यक्षांच्याच पक्षाचे. अकरा वर्षांत त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता.

"मग पुढे काय झालं, बाई?"

अध्यक्षांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं, पण कळ दाबावीच लागली. व्हर्नेल चौदा मिनिटं वीस सेकंद बोलल्या. नऊ जणांची नावं, प्रत्येकाच्या प्लेटमध्ये काय उरलं होतं, सगळं. बर्डेट यांनी दोनदा चष्मा पुसला. "माझी आईसुद्धा अशीच वाढायची," ते म्हणाले. व्हर्नेल यांनी पहिल्यांदाच माझ्यावरची नजर काढली आणि त्यांच्याकडे पाहिलं. मलाही वाटलं, या फटीतून एकदा तरी उजेड आला.

मित्रांनो, माझ्यावर चढलेला गंज फडक्याने निघतो. त्या खोलीतला गंज तसा निघत नाही. तुमच्यातलं कुणी उद्या आमदाराच्या खुर्चीत बसेल. तेव्हा ओले डोळे म्हणजे केलेलं काम असं समजू नका. आणि आज त्या खुर्च्यांत जे बसले आहेत त्यांना विचारत राहा: द्वेष लिहून दाखवणाऱ्याच्या हातातली बंदूक तुम्ही कधी काढून घेणार? प्रश्नांना वेळेची मर्यादा नाही, हा तुमचाच नियम आहे.

त्या दिवशीची नोंद अशी. विधेयक गुंडाळण्याच्या बाजूने सात हात. विरुद्ध सहा. सातवा हात बर्डेट यांचा. लागलेला वेळ, अकरा सेकंद.