पुढची चाकं

रूपराव गाडीबद्दल बोलायला लागला की त्याला आवरणे कठीण. काटोलकडच्या संत्राबागेत कितीही चिखल असो, तो गड्यांसमोर गिअरशेजारचा छोटा दांडा ऐटीत ओढायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि म्हणायचा, "धरलं पाहा पुढच्या चाकाइनं! मले बसल्या जागी समजते." आणि मागे पेट्या लादलेली जीपगाडी खरोखरच बाहेर यायची. तिच्या चारही चाकांना इंजिनाचा जोर आहे, अशी त्याची पक्की समजूत होती. गाडी तुळसाबाईंची. आधी ती त्यांचे यजमान गोपाळराव स्वतः चालवत; ते वारल्यावर संत्र्याचा धंदा बाईंनी हाती घेतला आणि ड्रायव्हर म्हणून रूपरावला ठेवले. त्याला दोन वर्षे होऊन गेली होती.

त्या वर्षी ऐन तोडणीत अवकाळी पाऊस झाला आणि गाडी फसली. रूपरावने दांडा ओढला, मान तिरकी केली. मागची चाके चिखल उडवत राहिली. बागवान वाकून पाहत म्हणाला, "पुढची चाकं तं फिरूनच नाही राहिली गा!" शेवटी बैलजोडी लावावी लागली.

"पुढचा शाफ्ट तुटला असंल," रूपराव घरी येऊन म्हणाला. चाकांना फिरवणारा पोलादी दांडा तो. दुसऱ्या दिवशी तुळसाबाई स्वतः गाडीत बसून नागपूरच्या नंदनवन भागात बळीराम मिस्त्रीच्या गॅरेजवर आल्या.

बळीरामने जॅक लावला, चाक काढले, मधली टोपी काढली, बोल्ट सोडवून आतली चकती ओढली. आता मधोमध शाफ्टचे टोक दिसायला हवे. तिथे लाकडाची गुल्ली ठोकलेली होती.

"आँ?" बळीराम म्हणाला. त्याने दुसऱ्या बाजूचे चाक उघडले. तिथेही गुल्ली.

"बाई, शाफ्टच नाही गाडीले."

"नाही म्हंजे? तुटला ना?"

"तुटला असता तं तुकडे तरी भेटले असते. कोणं तरी सोडून नेले. दोन्ही."

तुळसाबाईंनी रूपरावकडे पाहिले. गाडीची किल्ली त्याच्याच खिशात असायची, गाडी रात्री त्याच्याच दारात उभी असायची.

"रूपराव, मागच्या हंगामात पुढची चाकं धरत होती ना?"

रूपराव "हाव" म्हणायला गेला आणि तोंड उघडे ठेवून थांबला. धरत होती म्हणावे, तर शाफ्ट तेव्हा होते. मग नंतर ते कोणी विकले? आणि धरत नव्हती म्हणावे, तर दोन वर्षे अख्ख्या काटोलसमोर मान तिरकी करून आपण ऐकत काय होतो? पण त्याला तर कळत होते! अगदी पायातून वर येत होते! की नव्हते? बिचाऱ्याच्या डोक्याचा पार भुगा झाला.

"इंजिनापासून पुढं जाणारा मधातला दांडा तं फिरते ना गा," बळीराम त्याची कीव येऊन म्हणाला. "लिव्हर ओढला का आवाज येते, गाडी थरथरते. जोर मागच्याच चाकाले. पेट्रोल महागलं तवा लई लोकाइनं शाफ्ट काढले होते. पेट्रोल वाचते म्हणत."

"म्हंजे आवाजच..." रूपराव पुटपुटला. मग एकदम म्हणाला, "बाई, मले काही समजत नव्हतं. मी उगाच फुशारकी मारत होतो. पुढची चाकं कधीच धरत नव्हती."

"आता म्हणतं तू हे?" तुळसाबाईंचा आवाज चढला. "चोरी दिसल्यावर?"

आयुष्यात पहिल्यांदा त्याने गाडीबद्दल खरे सांगितले, आणि नेमके तेच खोटे वाटावे! रूपरावला रडू यायचे तेवढे बाकी होते. नोकरी गेली तर गेली, पण चोर म्हणून गेली तर नागपुरात दुसरी गाडी कोण देणार?

"किल्ली दे इकडं," तुळसाबाई म्हणाल्या.

त्याने किल्ली दिली. एवढ्यात बळीरामने पान्याने ठोकून गुल्ली बाहेर काढली. ती घट्ट बसावी म्हणून तिच्याभोवती चिंधी गुंडाळलेली होती, ग्रीसने काळीठिक्कर पडलेली. त्याने ती सोडून रॉकेलच्या डब्यात बुचकळली आणि बोटांनी चोळली. हिरव्या कापडाचा लाल काठ वर आला.

तुळसाबाईंनी हात पुढे केला. ओली चिंधी उलटीपालटी करून पाहिली. काठावर त्यांनी स्वतः घातलेले रफूचे टाके होते.

"माह्यं लुगडं आहे हे," त्या म्हणाल्या. "बाळंतपणातलं. वाळत घातलं तं गायब झालं. ह्याइले विचारलं, तं म्हणे गाईनं खाल्लं असंल."

बाईंनी किल्ली रूपरावच्या हातावर ठेवली, त्याच्याकडे न बघताच. त्याचा जीव भांड्यात पडला, पण हसावे की नाही ते त्याला समजेना.

"एक डाव नदीत पाणी चढलं होतं," बाई चिंधीकडे पाहत म्हणाल्या. "लेकरू माह्या मांडीवर. ह्याइनं तो दांडा ओढला आन् म्हणे, पुढची चाकं धरतात, भेऊ नको."

त्यांना राग आला होता आणि डोळेही भरून आले होते.

"ह्याइले ठाऊक होतं गा, काही नाही तिथं. आन् माह्यं भेव खरंच गेलं होतं."