प्राणवायूची उशी

या बाबांनो, शेगडीजवळ सरका. मद्दोह, आपली स्तुतिगीतं, थोड्या वेळानं गाऊ. आधी एक हकिकत सांगतो, आजवर कुणाला सांगितलेली नाही.

आमचे उस्ताद दवलतकदम खोरोगच्या घराघरांत चाळीस वर्षं देवाची स्तुती गायले. मागे रबाब माझा. शेवटी त्यांची छाती निकामी झाली, दुशांबेच्या इस्पितळात नेलं, तिथल्या डॉक्टरांनीही हात टेकले. उस्ताद म्हणाले, "शोफकीर, मला खोरोगला घरच्या खांबाशी नेऊन टेकव. सावसनला एकदा डोळे भरून पाहतो, मग खुदाची मर्जी." सावसन त्यांची एकुलती लेक.

रस्ता दरडीनं बंद. उरलं छोटं विमान. त्यात हवा दाबून धरायची सोय नसते. बाहेर विरळ, तर आतही विरळच.

नर्सनं प्राणवायूची रबरी उशी भरून दिली, पण सैल.

"आपा, हात का आखडता?" मी म्हणालो.

"वर गेलात की आपोआप फुगेल. तोटी फक्त त्यांच्या तोंडाशी उघडायची. कळलं?"

उस्ताद धापा टाकत हसले. "याला सूर कळायला दहा वर्षं लागली, आपा. दोनदा सांगा."

विमान डोंगरांवर चढलं. कानांत दडे बसले, बिस्किटांचे पुडे फुगले, आणि उशी डफासारखी ताणली. शेजारची बाई ओरडली, "अरे, फुटेल ती! सगळ्यांना मारतोस का?"

माझी पाचावर धारण बसली. वाटलं, वाढलीय ती फुकटची हवा. नर्सनं दिली होती तेवढी सैल होईपर्यंत मी तोटी उघडून ती बाहेरच सोडून दिली. मग नळी उस्तादांच्या तोंडाशी लावली.

वाढलं काहीच नव्हतं हो. होतं तेवढंच पसरलं होतं, आणि त्यातलं निम्म्याजवळ मी उधळलं. खिंड ओलांडून विमान उतरू लागलं, तशी उशी चपटी होत गेली. मी ती दाबली, पिळली. नळीतून काही येईना. उस्तादांचे ओठ जांभळे पडले. खाली खोरोगची झाडं दिसली, तेव्हा माझ्या मनगटावर ताल धरलेली त्यांची बोटं थांबली.

धावपट्टीशी सावसन शीरचायचा, दूध-मिठाच्या चहाचा, थर्मास घेऊन उभी होती. बापाचा हात गालाला लावून बसली. मग उशी चाचपली.

"सगळी संपली, अमक?" ती मला काकाच म्हणते.

"सगळी त्यांनीच ओढली, पोरी."

"मग गुदमरले नाहीत ना?"

"नाही."

या खोट्याचा जाब मी खुदाला देईन. तुम्ही एवढंच करा. आता रबाब लावतो. पहिली ओळ उचलण्याआधी उस्ताद दवलतकदमना आठवा.