बेबीचा लाल कोट

शशिकांतराव गेले, तरी त्यांच्या क्रिकेटच्या पांढऱ्या फ्लॅनेलच्या विजारी राजलक्ष्मीबाईंनी कुणाला दिल्या नव्हत्या. त्या डिसेंबरात मात्र त्यांनी एक बाहेर काढली आणि शिवण उसवली. मुलगा मनमोहन दिल्लीला सरकारी नोकरीत होता. कचेरीच्या कामासाठी तो मुंबईला येणार होता, तेव्हा त्याच्या हाती नातीला, बेबीला, लोकरीचा कोट पाठवायचा होता. पांढरा कोट पोर लगेच मळवणार, म्हणून त्यांनी लाल रंगाची पुडी आणली.

गिरगावातल्या त्या चाळीत हल्ली त्यांच्याकडे फारसं कुणी येत नसे. भांडण कुणाशीच नव्हतं; पण मुलगा दिल्ली सरकारचा माणूस, तेव्हा त्या दिसल्या की संयुक्त महाराष्ट्राच्या गप्पा थांबत.

खालून मोर्चा निघाला तशी सारी चाळ गॅलरीत धावली. राजलक्ष्मीबाई स्टोव्हपाशीच बसून राहिल्या. पाण्याला उकळी फुटली तर लोकर आटते. सिरका घातलेल्या रंगात, मंद आचेवर, त्या कापड हलक्या हाताने वरखाली करत होत्या. घोषणा लांब गेल्या. पातेल्यातलं पाणी हळूहळू निवळलं, सगळा रंग कापडाने ओढून घेतला. पाणी निवल्यावर कापड पिळून, कुणाला तरी दाखवावं म्हणून त्या दाराशी आल्या, तर गॅलरी रिकामी झाली होती.

मनमोहन आला तो जेवणापुरता. कोट हातात घेऊन तो जरा घुटमळला.

"आई, बेबी आता अकरा वर्षांची आहे."

शेवटची पाहिली तेव्हा ती सात वर्षांची होती. राजलक्ष्मीबाईंनी कोट परत घेतला आणि खांद्यापासून मनगटापर्यंत तिचं माप किती, ते विचारलं.

त्याला ते ठाऊक नव्हतं. "विचारून कळवतो," तो म्हणाला.

संक्रांत आली तरी माप आलं नाही. त्यांनी कोट उसवला, भर घालायला दुसरी विजार रंगवली. ती थोडी फिकी उतरली. मग शेजारच्या रमाबाईंकडे जाऊन बेबीच्याच वयाची त्यांची राधा घटकाभर मागितली. रमाबाईंनी काही न विचारता पाठवली.

राधा दोन्ही हात पसरून उभी राहिली. टेप धरताना तिच्या केसांचा खोबरेल तेलाचा वास आला. माप घेऊन झालं, तरी राजलक्ष्मीबाईंनी ते पुन्हा एकदा घेतलं.