कापायचं टेबल

बाबांचं मनगट घट्ट धरून तिनं काचेचा दरवाजा खांद्यानं ढकलला.

"आता डोळे मिटा."

"मिटतो. पडलो तर तूच उचल, घाईबाई," बाबा म्हणाले आणि त्यांनी एकच डोळा मिटला.

आत कॉफीचा वास नुसता घमघमत होता. कधीकाळी इथं बाबांचं शिवणाचं दुकान होतं. तयार कपड्यांनी गिऱ्हाईक पळवलं, मग गल्लीतली दुकानं एकामागून एक बंद पडली आणि बाबांनी आपलं दुकान सामानासकट विकून टाकलं. त्यानंतर ते इकडे फिरकले नव्हते. आई गेल्यापासून तर शहराबाहेरच्या घरात एकटेच असायचे, रेडिओशी भांडत.

आणि आता या मेलेल्या गल्लीत पुन्हा धुगधुगी आली होती. वरच्या ओस खोल्यांत तिच्याच वयाची पोरं हौसेनं राहायला आली होती. खिडक्यांत कुंड्या, जिन्यात सायकली. तिनंही वर भाड्यानं घर घेतलं होतं. एक खोली पुरली असती, पण तिनं हट्टानं दोन घेतल्या. दुसरी बाबांची. त्यांना ते ठाऊक नव्हतं. फोनवर ती फक्त "समोरासमोर एक विचारायचंय" एवढंच म्हणाली होती.

"उघडा."

मधोमध बाबांचं कापायचं टेबल होतं. घासून लख्ख केलेलं, कडेला ठोकलेली मापाची पितळी पट्टीसुद्धा तशीच. भोवती उंच स्टुलं आणि लॅपटॉपमध्ये डोकी खुपसून बसलेली पोरं.

"माळ्यावर धूळ खात पडलं होतं, काका," कॉफीवाला म्हणाला. तो तिच्या समोरच्याच घरात राहायचा. "हिनं माझं डोकं खाल्लं. शेवटी म्हटलं, बाई, ठेवतो, पण आता गप्प बस."

"गप्प बसली का?"

"छे."

बाबा हसले. त्यांनी टेबलावरून तळहात फिरवला, कापडाची सुरकुती काढावी तसा. कुणाच्या तरी कपाला बोटं लागली तसा हात मागे घेतला.

"झकास ठेवलंय हो," ते म्हणाले.

जमलं, तिला वाटलं. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. कोपऱ्यावरचा दवाखाना पुन्हा उघडलाय, वरच्या पोरांना बटणसुद्धा लावता येत नाही, संध्याकाळी सगळे गच्चीवर जमतात. बाबा मान डोलावत ऐकत होते. उभ्यानंच. कॉफीवाल्यानं दोघांना कॉफी दिली होती. बाबांचा कप बिनकानाचा होता. ते तो या हातातून त्या हातात घेत होते. मग त्यांनी त्याला रुमाल गुंडाळला.

"अहो, टेकवा की खाली. भाजेल."

"असू दे गं."

कॉफीवाल्यानं फडकं मारून जागा करून दिली. बाबांनी त्याच्याकडे बघून मान हलवली, पण कप छातीशीच धरून ठेवला.

ती बोलायची थांबली. दुकानात पाण्याचं भांडंसुद्धा या टेबलावर टेकवायची सोय नव्हती. लोकांचं कापड असायचं त्यावर, जपून आणलेलं. डाग पडला तर भरून कोण देणार? डबे सगळ्यांनी उंबऱ्यात बसून खायचे, तिनंही. हे काय तिला माहीत नव्हतं?

तिनं आपला कप उचलला. खाली ओलं कडं उमटलं होतं. बाहीनं ते पुसून टाकलं. शेजारी आणखी बरीच होती, वाळून लाकडात पक्की झालेली.

"काय विचारायचं होतं तुला?" बाबा म्हणाले. आवाज अगदी साधा होता, पण ते तिच्याकडे बघत नव्हते.

वर बाबांच्या खोलीत तिनं कालच चादर घातली होती.

"काही नाही हो. परतीची बस कितीची आहे, तेवढंच."

"साडेपाचची मिळेल," बाबा लगेच म्हणाले. त्यांचे खांदे खाली आले. उरलेली कॉफी एका दमात पिऊन रिकामा कप हातात धरून ते इकडेतिकडे बघू लागले.

तिनं तो त्यांच्याकडून घेतला.