मागचा की पुढचा

मेल्विन कांगासचं घरातून निघायच्या आधीच ठरलं होतं. ट्रॅक्टरला बर्फ उडवायचा ब्लोअर घ्यायचा तो मागे लावायचाच, आणि सहा फुटी. यात विचार करण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. तीस-बत्तीस हिवाळे त्याने ट्रॅक्टर उलटा चालवत, उजव्या खांद्यावरून मागे बघत, घरापासून हायवेपर्यंतचा चढाचा रस्ता मोकळा केला होता. ब्लोअर पुढे लावतात ते शिकागोहून येऊन सरोवराकाठी बंगले बांधणारे हौशी लोक, असं त्याचं स्पष्ट मत होतं. मेल्विनची मतं सगळीच स्पष्ट असत.

"दुकानात रॉडनी तुला काहीतरी चकचकीत दाखवेल," पिकअप चालवणाऱ्या बायकोला तो म्हणाला. "लगेच भुलू नकोस."

"ट्रॅक्टर चालवणार मी आहे," व्हर्ना म्हणाली.

"चालव ना. पण निवडायचं कुणी? ज्याला कळतं त्याने."

व्हर्ना गप्प बसली. ती गप्प बसली की मेल्विनला वाटे, पटलं. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात हा समज एकदाही खरा ठरला नव्हता, तरी तो टिकून होता.

प्रश्न नुसत्या ब्लोअरचा असता तर मेल्विनने इतका जोरही लावला नसता. गेल्या वर्षी पानगळीच्या सुमारास त्याच्या मूत्रपिंडांनी हात टेकले. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार भल्या सकाळी हॅनकॉकला डायलिसिस. ज्या हातात सुया टोचतात त्या हाताला हिसका बसता कामा नये, म्हणून डॉक्टरांनी ट्रॅक्टर बंद केला. गेला हिवाळा व्हर्नाने जुन्या ब्लोअरवर काढला, आणि मेल्विनने स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहून हातवारे करत काढला. मार्चमध्ये ब्लोअरच्या गिअरबॉक्सचा चुरा झाला. पैसे घेऊन बर्फ काढणारा माणूस मिळायचा, नाही असं नाही. पण तो उगवणार आठला, आणि मेल्विनची डायलिसिसची खुर्ची साडेसहाची.

मग ग्रीन बेला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने, कार्लाने, हॅनकॉकमध्ये म्हाताऱ्यांच्या इमारतीत दोन खोल्या बघून ठेवल्या. लिफ्ट होती, गरम गॅरेज होतं, आणि डायलिसिसला चालत जाता येत होतं. "शुक्रवारपर्यंत हो की नाही ते सांगा," तिने फोनवर बजावलं होतं. "रस्ता कोण आणि कसा मोकळा करणार हे मला पटवून द्या, म्हणजे मी पुन्हा त्या खोल्यांचं नाव काढणार नाही. नाही पटलं तर मी सामान बांधायला येतेय."

आज बुधवार होता. मेल्विनने आपल्या हाताने आधी सॉना, म्हणजे लाकडांवर तापणारी वाफेची न्हाणी, आणि मग घर, अशा फिनिश लोकांच्या योग्य क्रमाने ती जागा उभी केली होती. तिथून मी निघेन तो चौघांच्या खांद्यावरच, असं तो सगळ्यांना सांगत असे. तेव्हा ब्लोअर आजच ठरायला हवा होता, आणि कुणीही बोट ठेवू शकणार नाही असा ठरायला हवा होता.

रॉडनी बोशांचं दुकान गावाबाहेर हायवेलगत होतं. रॉडनी कार्लाच्या वर्गातला, आता चाळिशीचा, पोट सुटलेला. त्याने दोघांना कॉफी दिली. व्हर्नाने काही न बोलता मेल्विनच्या कपातली अर्धी कॉफी आपल्या कपात ओतून घेतली. पाणी मोजून प्यायचं होतं त्याला. मेल्विनने हे न दिसल्यासारखं केलं.

"जुन्याचं काय झालं, मेल?" रॉडनीने विचारलं. "पिनेच्या जागी बोल्ट घातला होतात ना?"

"सगळेच घालतात."

"म्हणून तर माझं दुकान चालतं," रॉडनी म्हणाला. "अहो, ती पिन तुटायसाठीच असते. पात्यात लाकूड अडकलं की पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. तुम्ही पोलादी बोल्ट ठोकलात, मग बोल्ट वाचला!"

व्हर्ना हसली. मेल्विनने विषय बदलला. दोन्ही प्रकारचे ब्लोअर शेडमध्ये शेजारी शेजारी मांडले होते, आणि तो मागे लावायच्या ब्लोअरवर हात ठेवून बोलू लागला. मागचा लावला की पुढे लोडर, म्हणजे माल उचलायचं मोठं फावडं, तसाच राहतो. फेब्रुवारीत कडेचे ढीग मागे ढकलायचे, सॉनाची लाकडं आणायची, सगळं लोडरवर. मागच्याला जोर थेट इंजिनाकडून मिळतो. पुढच्याला पोटाखालून दांडा न्यावा लागतो, चौकट बसवावी लागते, आणि काही बिघडलं की बर्फात उताणं पडून ट्रॅक्टरखाली सरपटावं लागतं. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. रॉडनी मान डोलावत होता, आणि बोलत होता तो सगळा वेळ मेल्विनशीच. व्हर्ना जणू पिकअपमध्ये बसून होती.

"सहा फुटी दे," मेल्विनने समारोप केला.

"पाच फुटी घ्या," रॉडनी म्हणाला. "तुमचा ट्रॅक्टर लहान आहे. ओला बर्फ आला की सहा फुटी धापा टाकेल."

"आमच्या चर्चमधल्या वेन लाहतीकडे सहा फुटी आहे."

"वेनचा ट्रॅक्टर तुमच्या दीडपट आहे."

इथे मेल्विनला जरा लागलं. प्रार्थना संपल्यावर चर्चच्या तळघरात वेलदोड्याचा पाव आणि कॉफी घेताना पुरुषमंडळी ब्लोअरची रुंदी बोलता बोलता सांगून टाकत, आणि मेल्विनने आपला पाच फुटी कित्येक वर्षं साडेपाच म्हणून खपवला होता. सहा फुटी घेतला असता तर ते पापही फिटलं असतं.

"रॉडनी, एक सांग," व्हर्ना म्हणाली. रॉडनीने दचकून तिच्याकडे बघितलं. "काउंटीची गाडी हायवे साफ करते आणि आमच्या रस्त्याच्या तोंडाशी दगडासारखा ढीग टाकून जाते. तो कोणता खाईल?"

"पाच फुटी. सावकाश खाईल, पण खाईल. चाकांची वाटही पुरी काढेल."

"मग पाच फुटी."

मेल्विनने मोठ्या मनाने हात हलवला. "ठीक आहे. पाच तर पाच. तिची हौस होऊ दे. पाच फुटी, मागचा."

"पाच फुटी, पुढचा," व्हर्ना म्हणाली.

रॉडनीने मध्येच आपला कप उचलला आणि त्यात बघू लागला. हुशार दुकानदार नवरा-बायकोच्या मध्ये उभा राहत नाही.

"इतकं समजावलं ते कुणाला?" मेल्विनचा आवाज चढला. "लोडर काढून ठेवणार? लाकडं काय दातांत धरून आणणार? सरळ सांग ना, तुला उलटं चालवायला जमत नाही. त्यात लाज कसली! बायकांना नाहीच जमत ते."

व्हर्नाने कप खाली ठेवला. आवारात एक ट्रॅक्टर मागे ब्लोअर लावून उभाच होता. रॉडनीची परवानगी तिने नजरेनेच घेतली, वर चढली, आणि तो चालू करून उलटा काढला. दोन्हीकडे नव्या कोऱ्या ट्रेलरांच्या रांगा होत्या, मधे जेमतेम वाट. त्या वाटेतून ती मागे बघत सरळ गेली, शेडला उलटाच वळसा घातला, पुन्हा त्याच वाटेने आली आणि ब्लोअर जिथला तिथे टेकवला. कुठे ओरखडा नाही की कुठे पुन्हा पुढेमागे करणं नाही.

रॉडनीने शीळ घातली. मेल्विनला तर आनंद लपवता येईना. आपला मुद्दा यात बुडाला की तरला, हेही त्याच्या लक्षात आलं नाही.

"बघ! बघ की! झकास येतंय तुला! कुणी शिकवलं? मग आता अडचण काय राहिली?"

व्हर्ना खाली उतरून त्याच्यासमोर उभी राहिली. "येतं. इथे, ऊन पडलेलं असताना, दोन मिनिटं येतं. मेल, गेल्या हिवाळ्यात पहाटे तासभर मी असं मागे बघत चढ उतार करायची. नंतर तुला घेऊन निघायची. हायवेपाशी आले की मी तुला काय म्हणायचे?"

"काय म्हणायचीस?"

"आठव."

मेल्विनला आठवायला वेळ लागला नाही. तसं विसरणार कसं? 'मेल, उजवीकडे बघ रे,' असं ती म्हणायची, दर खेपेला. मग तो बाहीने काच पुसायचा, रस्ता वळणापर्यंत न्याहाळायचा आणि सांगायचा, 'थांब, ट्रक आहे,' किंवा 'मोकळं आहे, चल.' साऱ्या हिवाळ्यात त्याच्या वाट्याला आलेलं ते एकच काम. ट्रॅक्टर गेला, कुऱ्हाड गेली, कॉफीसुद्धा अर्धी झाली. पण ते एक काम होतं, आणि ते तो चोख करत होता. कार्लाला त्याने फोनवर ऐकवलंही होतं, 'तुझ्या आईला अजून माझ्यावाचून हायवेवर चढता येत नाही.' त्याला मनातून कळत होतं की व्हर्नाला स्वतःला दिसतंय, ती मुद्दाम विचारतेय, आपला मान ठेवतेय. त्याबद्दल तो तिचा ऋणी होता, जरी ते बोलून दाखवायची त्याची पद्धत नव्हती.

"माझी मान वळायची नाही, मेल," व्हर्ना म्हणाली. "एवढा वेळ एकाच बाजूला वळवून ठेवली की ती आखडून जायची. दुपारपर्यंत उजवीकडे काही बघताच यायचं नाही. म्हणून तुला विचारायचे."

"मला वाटलं..."

"माहितीये तुला काय वाटलं. मीच वाटू दिलं." तिने उरलेलंही सांगून टाकलं. "फेब्रुवारीत एकदा तू पेंगत होतास. उठवावंसं वाटलं नाही मला. मी अंदाजानेच गाडी घातली. ओंडक्यांनी भरलेला ट्रक भोंगा वाजवत, घसरत, आपल्या नाकासमोरून गेला. तू जागा होऊन म्हणालास, काय वाजलं? मी म्हटलं, रेडिओ."

 मेल्विन ट्रॅक्टरच्या पायरीवर बसला. तो ट्रक त्याला आत्ता, ऑक्टोबरच्या उन्हात, डोळ्यांसमोर दिसला, आणि त्याला भीती वाटली ती स्वतःची नाही. आपण सगळा हिवाळा खिडकीतून हातवारे करत हिला सूचना देत होतो आणि हिची मान दुखतेय हे एवढंसं आपल्याला दिसलं नाही, याची त्याला लाज वाटली. सबंध रस्ता पाठ असलेल्या माणसाला शेजारची बाई दिसली नव्हती.

"बोलायचं नाही का आधी?"

"बोलले असते तर तू कार्लाला हो म्हणाला असतास. माझ्या मानेसाठी तू घर सोडलं असतंस, त्याच दिवशी." व्हर्नाचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "आणि मला नाही जायचं त्या खोल्यांत. तुला वाटतं घर तुझं एकट्याचंच आहे."

रॉडनी कधीचा शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, जे पुसायची काही गरज नव्हती असं एक यंत्र पुसत होता.

"रॉडनी!" मेल्विनने हाक मारली. आवाज पुन्हा होता तसा झाला होता. "इकडे ये. पुढचा घेतोय, पाच फुटी. आता नीट ऐक. आमचा चढ आहे, तेव्हा पुढे ब्लोअर आला की मागची चाकं हलकी होणार. मागे वजनाची पेटी हवी, आणि ती मी म्हणेन तेवढी भरून हवी. चाकांना साखळ्या. बर्फ उडवणाऱ्या नळीचं तोंड फिरवायचा दांडा तिला बसल्या जागी हाताशी आला पाहिजे, वाकायला लागता कामा नये. सीटवर तिला बसवून माप घे. मला नको विचारूस, तिला विचार."

"आणि लोडर? लाकडं?" रॉडनीने हळूच विचारलं.

"बर्फ पडायच्या आत आणून रचायची. एक हात धड आहे माझा, पुरतो तेवढा."

मग त्याने तिथूनच कार्लाला फोन लावला. रस्ता तुझी आई मोकळा करणार, समोर बघत. खोल्या दुसऱ्या कुणाला देऊन टाका म्हणावं. कार्ला म्हणाली, बाबा, तुम्ही तर म्हणत होता पुढचा ब्लोअर हौशी लोकांचा? "कोण म्हणालं?" मेल्विन खेकसला. "चढावर पुढचाच चांगला. कुणालाही विचार." आणि कार्लाने आणखी दोन प्रश्न विचारले, त्यांची त्याने इतकी खडान्खडा उत्तरं दिली की शेवटी ती हसायला लागली आणि म्हणाली, पटलं.

निघताना व्हर्नाने पिकअप आवाराच्या तोंडाशी आणून हायवेला थांबवली. तिने आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, अगदी सहज. मेल्विनने ते बघितलं आणि तो समोरच्या काचेतून सरळ पुढे बघत बसला. आता यापुढे हे असंच, हे त्याने मनाशी मान्य केलं होतं. चांगलंच होतं ते. 

गाडी जागची हलेना.

"चल की," तो म्हणाला. "बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग?"

"उजवीकडचं तू सांगतोस."

"मान वळतेय ना तुझी आता?"

"वळतेय," व्हर्ना म्हणाली. "पण तू सांगितल्याशिवाय मला निघावंसं वाटत नाही. मुद्दाम म्हणत नाहीये. खरंच नाही वाटत."

मेल्विनने काच खाली केली. वळणावरून ओंडक्यांचा एक ट्रक येत होता, कुणालाही दिसेल असा.

"थांब," तो म्हणाला.

ट्रक धडधडत निघून गेला. मेल्विनने आणखी थोडा वेळ, वळणापर्यंत सगळा रस्ता नीट बघून घेतला.

"मोकळं आहे. चल."