पाचच्या आत

वकिलातीच्या गाडीनं जागतिक सभेच्या इमारतीला सहावी फेरी मारली, तेव्हा फाटकावरचा पहारेकरी हसायलाच लागला. पहिल्या दोन फेऱ्यांना त्यानं सलाम ठोकला होता. पाचवीला, वाट चुकलात का, म्हणून विचारायला पुढे आला होता.

गाडी चालवत होते ते मामा. वकिलातीत सगळे त्यांना मामाच म्हणत. वीस वर्षं ड्रायव्हरकी केलेल्या माणसाला आज सीटवर बसवत नव्हतं. मागे साहेब, आणि साहेबांच्या मांडीवर देशाचा अर्ज. शेजारच्या बलाढ्य देशानं आपलं जहाज अडवून चौदा खलाशी डांबले होते; त्यांना सोडवा, अशी दाद मागितली होती. पाचच्या आत खिडकीवर दिला तरच या बैठकीत घेणार, नाहीतर तीन महिन्यांनी. त्या चौदांत मामांचा जावई होता.

साडेचार वाजून गेले.

"साहेब, आता द्यायचा ना?"

"वरून होकार येऊ दे, मामा. एकदा जगापुढे गेलं की शेजारी इरेला पेटतील."

"आणि नाही गेलं तर माझी लेक पेटेल. सकाळपासून सात फोन झाले. म्हणते, तुमचे साहेब अर्ज देतायत की अंडी उबवतायत?"

साहेब हसले नाहीत. "अजून एक फेरी घ्या."

मामांचं टाळकं सरकलं. त्यांनी गाडी थेट पायऱ्यांशी नेली आणि किल्ली काढून खिशात टाकली.

"गाडी तापलीय, साहेब."

धडधडीत थाप होती, आणि ती दोघांनाही कळत होती. साहेब लिफाफा घेऊन उतरले. तिसऱ्या पायरीवर त्यांचा फोन वाजला. बराच वेळ ऐकून ते खाली आले, काचेशी वाकले.

"अर्ज आज दिला नाही, तर शेजारी अकरा जणांना उद्या सोडतो म्हणतात."

"अकरा? कोण अकरा?"

"नावं देत नाहीत."

"आणि राहिलेले तीन?"

"बोलणी चालू ठेवू म्हणे." साहेबांनी घाम पुसला. "वरचे म्हणतात, तिथं तुम्ही आहात, तुम्हीच ठरवा. अंगाला लावून घ्यायला कुणी तयार नाही. मामा, तुमचा माणूस आहे आत. तुम्ही सांगा."

वीस वर्षांत साहेबलोकांनी मामांना फक्त रस्ता विचारला होता. अकरांत जावई असेलच, गरीब गाय आहे पोरगा. पण भूक लागली की उलट बोलतो. तिथं बोलला असेल तर? आणि अर्ज दिला, चौदाही अडकले, तर चौदा घरांना तोंड कसं दाखवायचं?

पाचला आठ मिनिटं होती.

"नका देऊ," मामा म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला.

पाच वाजले. आतली खिडकी बंद झाली. मामांनी आपणहून लेकीला फोन लावला आणि काही न लपवता सगळं सांगून टाकलं. ती ओरडेल, रडेल, म्हणून त्यांनी मोबाईल कानापासून जरा लांबच धरला होता. ती हळू आवाजात बोलली.

"बाबा, मला एक फोन करायचात. तेवढा वेळ होता ना?"

"होता," मामा म्हणाले. "आठ मिनिटं होती."